येऊरच्या चढावरची टक्-टक्

वाचकांचे सायकलविषयक प्रश्न आणि चरईतल्या दुकानातून ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मानपाड्याला राहतो, वय ४६, नोकरी ऐरोलीला. तीन वर्षांपूर्वी मित्राकडून हायब्रिड सायकल घेतली. पुढे तीन, मागे आठ गिअर, डिस्क ब्रेक. सकाळी उपवनवरून येऊरचा चढ चढून परत येतो. पावसाळ्याच्या आधीपासून चढावर पॅडल मारताना 'टक्' असा आवाज येतो. सपाटीला नाही, उतारावर तर अजिबात नाही. कधी पहिल्या वळणापासून सुरू होतो, कधी अख्खा चढ संपला तरी चिडीचूप. उभं राहून मारली तर कधी येतो, कधी नाही. पावसाळ्यात जवळजवळ गेलाच होता, ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि परत आला. पहिल्या दुकानदाराने चेन बदलली. दुसऱ्याने बीबी (दोन्ही पॅडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) बदलली. तिसरा म्हणतो फ्रेमला तडा गेलाय, आता नवीनच घ्या. गंमत म्हणजे तिघांच्याही स्टँडवर सायकल एकदाही वाजली नाही. बायको म्हणते आवाज तुमच्या गुडघ्याचा आहे. मे महिन्यात घोडबंदर रोडला मागचं चाक पंक्चर झालं होतं, ते सोडलं तर सायकल ना कधी पडली ना कुठे धडकली. काय करू?
— एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : गुडघ्याचं आधी मिटवून टाकू. घरी जिना चढताना वाजतो का बघा. नसेल वाजत तर वहिनींना सांगा, केस ताईंकडे गेलीय.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार आवडली. आवाज कुठून येतो हे तुम्ही ठोकून दिलेलं नाही. दुकानात येणारी निम्मी माणसं 'ताई, खालून येतोय, बीबी गेली' अशी सुरुवात करतात. सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. चाळीत तळमजल्यावर कोणी खलबत्ता कुटायला बसलं की तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटतं शेजारीच कुटतायत, तसं हे आहे. सीटच्या दांडीतला आवाज पायाखाली ऐकू येतो, हँडलमधला पोटाखाली. त्यामुळे कानाच्या भरवशावर सुटा भाग बदलणं म्हणजे पैसे घालवण्याचा राजमार्ग. तुमची चेन आणि बीबी त्याच वाटेने गेली. आवाजाच्या बाबतीत मी जागा विचारत नाही, वेळ विचारते. कधी येतो, कधी येत नाही, कशाबरोबर येतो. आणि ते तुम्ही छान लिहिलंय, फक्त ओळींचं वजन तुमच्या लक्षात आलेलं नाही.

स्टँडवर का वाजली नाही, तिथून सुरू करू. स्टँडला टांगलेल्या सायकलचं पॅडल आपण दोन बोटांनी फिरवतो. येऊरच्या चढावर तुम्ही त्याच पॅडलवर अख्ख्या देहाचं वजन टाकता. तो जोर पॅडलमधून क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांडीला, क्रँकमधून चेनला, चेनमधून मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, आणि हबमधून फ्रेमला जातो. या वाटेवर कुठेतरी दोन धातू एकमेकांवर केसभर सरकतायत आणि सरकताना टक् म्हणतायत. दोन बोटांच्या जोराला ते सरकतच नाहीत, मग वाजणार काय? तेव्हा स्टँडवर पॅडल फिरवून 'काही नाही, ठीक आहे' म्हणणाऱ्याने सायकल तपासलेलीच नाही.

आता पाऊस. हा तुमच्या पत्रातला मोठा पुरावा आहे. बेअरिंग खराब असतं तर पावसाळ्यात आवाज वाढला असता. पाणी आत गेलं की ग्रीस धुतलं जातं, छर्रे गंजतात, आणि पॅडल फिरवताना हाताला वाळू लागल्यासारखं खरखरीत लागतं. तुमचं उलट झालं, पाऊस आला आणि आवाज गेला. म्हणजे गुन्हेगार फिरणारा भाग नसावा, जोडलेला भाग असावा. एकावर एक घट्ट बसवलेले दोन पत्रे, आटे किंवा नळ्या, ज्यांच्यामध्ये ग्रीस नाही, धूळ आहे. पावसाचं पाणी तिथे शिरतं आणि तात्पुरतं वंगणाचं काम करतं. ऑक्टोबरात ते वाळलं, धूळ उरली, टक् परत. सायकल धुतली की दोन दिवस शांत आणि मग पुन्हा सुरू, अशी तक्रार आली की मी बीबीकडे ढुंकूनही बघत नाही. जोड तपासायला घेते.

तरीही फिरणाऱ्या भागांची शंका एकदा कायमची काढून टाकू, कारण चढावर एक फसवणूक होते. तुमच्यासारख्या तीन-आठच्या हायब्रिडला बहुतेक पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या चकत्या असतात आणि मागे ११ ते ३२. तुमच्या मोजून घ्या, चकतीवर कोरलेलंही असतं. चढावर आपण पुढे २८ आणि मागे २८ लावून बसतो. म्हणजे पॅडलचा एक फेरा, चाकाचाही एकच फेरा. आता टक् पॅडलच्या फेऱ्यामागे येते की चाकाच्या, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. स्पोकचा आवाज असला तरी तुम्हाला वाटणार की डाव्या पायालाच येतो. म्हणून चढाचा जरा सौम्य तुकडा बघा आणि पुढची चकती ३८ वर टाका. मागची २८ राहू द्या. आता पॅडलच्या तीन फेऱ्यांत चाक जवळजवळ चार वेळा फिरेल. टक् त्याच पायाला चिकटून राहिली तर दोष पॅडल-क्रँकच्या बाजूला किंवा जोराच्या वाटेवर. टक् पायाला सोडून पुढे-मागे पळायला लागली तर चाकात, म्हणजे स्पोक, डिस्क किंवा टायर. आणि २८-२८ वर असताना पॅडलच्या साधारण चार फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेन. तुमच्या सायकलच्या चेनला ११६ च्या आसपास कड्या असणार. २८ दाते एका फेऱ्यात २८ कड्या ओढतात, म्हणजे तीच कडी परत यायला चार फेऱ्यांहून थोडं जास्त लागतं. नवीन चेन जोडताना जोडाची पिन नीट बसवली नाही की ती एक कडी आखडते आणि असा हिशेबाने आवाज देते. तुमचा आवाज चेन बदलण्याच्या आधीपासूनचा आहे, त्यामुळे मूळ दोष तो नाही. पण पहिल्या दुकानदाराने जाता जाता नवीन भर घातलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. चेन उलट्या दिशेने हळू फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चकत्यांमधून जाताना कुठली कडी उडी मारते का पाहा.

याच्या आधी एक बिनपैशाची चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा. सायकलच्या शेजारी उभे राहा, दोन्ही ब्रेक गच्च धरा, क्रँक आडवी करा, आणि पुढच्या पॅडलवर पायाने जोर देऊन सोडा. परत जोर, परत सोडा. मग दुसऱ्या बाजूने. आवाज आला तर घरातल्या कोणाला तरी एकेका जोडावर बोटाची टोकं ठेवायला सांगा. सीट, पॅडलचं मूळ, क्रँकचा बोल्ट, मागच्या चाकाचा एक्सल. टक् कानाला फसवते, बोटाला नाही. ज्या जोडावर बोटाला बारीक ठोका लागेल तो तुमचा. डिस्क ब्रेक असल्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ब्रेकचे पॅड आपल्या खाचेत थोडे हलतात, त्यांचा एक बोजड 'टुक' पहिल्या दाबाला येतो, त्याला धरू नका. आणि डिस्कने हबच पकडून ठेवलेला असतो, त्यामुळे या चाचणीत पॅडलचा जोर स्पोकपर्यंत पोचतच नाही. इथे आवाज आला तर स्पोक निर्दोष सुटले.

आता माझी पैज. 'पंक्चर झालं होतं, ते सोडलं तर' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी ते सोडत नाही. मे महिन्यात मागचं चाक निघालं, पावसाच्या आधी आवाज सुरू झाला. तीन दुकानांत तिघांनीही विचारलं नसेल की आवाज यायच्या जरा आधी सायकलला कोणाचा हात लागला होता. माझा पहिला प्रश्न तोच असतो.

रस्त्याकडेचा पंक्चरवाला स्कूटर-रिक्षांची चाकं काढणारा माणूस. त्याच्या हाताला नट-बोल्टची सवय. तुमच्या सायकलच्या मागच्या चाकाला लिव्हरवाला क्विक रिलीज असणार. तो नटासारखा गोल गोल फिरवून आवळायचा नसतो, लिव्हर दुमडून बंद करायचा असतो. आतल्या आसाला उंचवटा असतो, लिव्हर दुमडली की तो दोन्ही बाजूंना खेचून फ्रेम आणि हब एकत्र दाबतो. लिव्हर फिरवून 'घट्ट' केली की दाब अर्धाही बसत नाही. शिवाय चाक काढून बाजूच्या मातीत टेकवलेलं असतं, ती माती एक्सलच्या टोकांवर आणि फ्रेमच्या खाचेत जाऊन बसते. सपाटीला काही कळत नाही. चढावर चेन उजव्या बाजूने जीव खाऊन ओढते, एक्सल खाचेत केसभर सरकतो, टक्. पाय सैल पडला की एक्सल परत जागेवर येतो, कधी वाजतो कधी नाही. चाक थोडं वेगळं बसलेलं असेल त्या दिवशी चढ संपेपर्यंत चिडीचूप. तुम्ही लिहिलेलं सगळं याच्याशी जुळतं.

करायचं असं. मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर घ्या, लिव्हर उघडा, चाक काढा. फ्रेमच्या दोन्ही खाचा आतून-बाहेरून फडक्याने पुसा, एक्सलची दोन्ही टोकं पुसा, क्विक रिलीजची दांडी बाहेर ओढून तीही. दांडीवरच्या स्प्रिंगचं निमुळतं तोंड आत चाकाकडे आलं पाहिजे, दोन्ही बाजूंना. उलटी बसली की ती खाचेत अडकते. धातू धातूला टेकतो तिथे बोटाच्या टोकाने ग्रीसचा अगदी पातळ हात. त्या बोटाने डिस्कला शिवायचं नाही, नाहीतर टक् जाईल आणि ब्रेकही जाईल. लिव्हरच्या सांध्यात तेलाचा एक थेंब. चाक बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, वजनाने एक्सल खाचेत वरपर्यंत बसू द्या. लिव्हर फ्रेमपासून सरळ बाहेर आलेली असेल तेव्हा जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे, आणि पूर्ण बंद करताना तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. सहज बंद झाली तर दुसऱ्या बाजूचा नट थोडा आवळून परत. हे आवाज गेला तरी करायचं आणि नाही गेला तरी करायचं, कारण सैल क्विक रिलीजवर येऊर उतरणं हा हाडांशी खेळ आहे.

एवढं करून टक् राहिली तर पॅडल. काढा, आटे पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावणारे आटे खाऊन टाकतात, मग क्रँकच बदलावी लागते. पान्हा पॅडलच्या वर धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पॅडल सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की डावं-उजवं डोक्यात घोळवावं लागत नाही. मग सीटची दांडी. उंचीला चिकटपट्टी लावून खूण करा, दांडी बाहेर काढा, आतून-बाहेरून पुसून ग्रीस. सीटखालचा बोल्टही. मग क्रँकचे आणि पुढच्या चकत्यांचे बोल्ट, कारण बीबी बदलणाऱ्याने ते सगळे उघडले होते. आणि खाली बसून बघा, पुढच्या डिरेलरच्या केबलचं टोक बाहेर आलेलं नाही ना. माझ्याकडे एक डॉक्टर आले होते, महागडी सायकल, दर फेऱ्याला टिक्. दोन ठिकाणी बेअरिंग बदलून झाली होती. मी बाजूला उकिडवी बसले आणि त्यांना क्रँक हळू फिरवायला सांगितली. पुढच्या डिरेलरच्या खालून केबलचं दोन इंचांचं शेपूट बाहेर वाकलं होतं, टोकाची टोपी केव्हाच गेलेली, तारा फुलासारख्या उलगडलेल्या. क्रँक खाली येताना त्यातली एकच तार तिला शिवायची. क्रँकच्या आतल्या बाजूला, रंग उडून, नखाएवढी चकचकीत रेघ पडली होती. कात्रीने शेपूट कापलं, नवी टोपी दाबली. डॉक्टर बिलाकडे बघत राहिले, मी वीस रुपये लावले होते.

राहिला फ्रेमचा तडा. हे थट्टेवारी नेऊ नका, पण नुसत्या शब्दावर मानूही नका. तडा दाखवता आला पाहिजे. फ्रेम ओल्या फडक्याने स्वच्छ करा आणि उजेडात बघा. बीबीच्या भोवतीचे वेल्डिंगचे जोड, तिथून मागे जाणाऱ्या दोन नळ्या, सीटच्या दांडीचा गळा, मागच्या खाचांच्या वरचा भाग. रंगात बारीक काळी रेघ दिसली, ती नखाला अडकली किंवा पॅडलवर जोर दिल्यावर उघडझाप करताना दिसली तर सायकल तिथेच थांबवा, घरीसुद्धा चालवत जाऊ नका. रेघ नसेल तर ज्याने तडा म्हटलं त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवणार नाही.

प्रश्न : मी नेरूळला राहते, पाम बीच रोडवर सायकल चालवते. मागच्या महिन्यात सायकल स्टँडवरून उजव्या अंगावर पडली. खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून मागच्या मधल्या दोन गिअरना सतत किरकिर, आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं की चाकाला काहीतरी घासतं. केबल घट्ट केली, एक गिअर सुधारला की दुसरा बिघडतो.
— नेरूळ

उत्तर : उजव्या अंगावर पडली हे वाचल्यावर पुढचं न वाचताही सांगता आलं असतं. मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने लटकतो ती पट्टी, हँगर, आत वाकलीय. ती मुद्दाम मऊ धातूची करतात, म्हणजे पडल्यावर ती वाकावी, फ्रेम किंवा डिरेलर नाही. तिने आपलं काम केलं.

१९८४ साली शिमानोने एका क्लिकला एक गिअर अशी पद्धत आणली. त्याआधी लिव्हर अंदाजाने सरकवून गिअर जुळवत, त्यामुळे हँगर थोडा वाकला तरी हाताला सवय व्हायची. क्लिकच्या गिअरला डिरेलर ठरलेल्या अंतरानेच सरकतो. हँगर वाकडा असला की ती अंतरं चुकतात आणि मग तुम्ही केबल कितीही फिरवा, एक गिअर जुळवला की दुसरा रुसतो. सायकलच्या मागे बसून बघा. डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या, चेन ज्या गिअरच्या चकतीवर आहे तिच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत हव्यात. तुमच्या खालची चकती चाकाकडे झुकलेली दिसेल.

दुकानात हँगर सरळ करायचं एक लांब दांडीचं अवजार असतं, ते असलेला माणूस शोधा. पान्ह्यात धरून वाकवणाऱ्याकडे देऊ नका. फार वाकला असेल तर नवा घाला. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून जुना सोबत न्या. तोवर सगळ्यात मोठ्या चकतीवर अजिबात टाकू नका. आज डिरेलर स्पोकला घासतोय, उद्या स्पोकमध्ये अडकेल, आणि मग डिरेलर, स्पोक, हँगर तिघांचं एकत्र बिल होईल.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची काळी, दांडीवाली सायकल आहे. भाजी आणायला अजून तीच नेतो. हल्ली पॅडल वरून खाली येताना पायाला खट् असा धक्का बसतो, जणू मध्ये थोडी जागा रिकामी आहे. वय ७१, त्यामुळे धक्का पायाचा की सायकलचा हे कळत नाही.
— कळवा

उत्तर : काका, सायकलचा. तुमच्या सायकलच्या क्रँक कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या ठोकून बसवलेल्या पिनने, बसवलेल्या असणार आणि एक पिन सैल झालीय. कोणती, ते बघायला एक क्रँक आडवी धरून दुसरी वर-खाली हलवा. जी मधल्या आडव्या दांड्याला सोडून एकटी हलेल तिची.

इथे सगळे एकच चूक करतात, पान्हा घेऊन पिनचा नट आवळतात. नट पिनला ओढून आत घेत नाही, तो फक्त आत गेलेल्या पिनला धरून ठेवतो. नटाने ओढायला गेलात तर आटे तुटतात. पिन हातोडीने बसवायची आणि मग नट लावायचा. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावून आधार द्यायचा, नाहीतर प्रत्येक घाव बीबीच्या छर्ऱ्यांवर जातो. अशा जुन्या सायकलींच्या बीबीत प्रत्येक बाजूला पाव इंचाचे अकरा छर्रे असतात आणि ज्या वाट्यांवर ते फिरतात त्यांना खळगे पडायला चार घाव पुरतात. माझे बाबा आधी ठोकायचे, मग थोडं चालवून बघायचे, परत दोन ठोके आणि मग नट. मीही तसंच करते.

पिन काढून बघा. तिच्या सपाट बाजूला पायरी पडली असेल तर ठोकून उपयोग नाही, नवी पिन घ्या. नव्या पिनची सपाट बाजू कानशीने घासून बसवावी लागते, ते कुणा जुन्या हाताकडून करून घ्या. दोन्ही पिनी एकमेकींच्या उलट दिशेने बसतात, तसं नसेल तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायाला ते चालवताना जाणवत राहतं. सैल पिनवर चालवू नका, क्रँकचं भोक मोठं होतं आणि मग नवी पिनही टिकत नाही. भाजी चार दिवस चालत आणा.

प्रश्न : मी नववीत आहे. चेन किरकिरते. आई म्हणते खोबरेल तेल घाल, शेजारचे दादा म्हणतात डब्ल्यूडी-४० मार, आजी म्हणते शिलाई मशीनचं तेल. कोणाचं ऐकू?
— कोपरी, ठाणे

उत्तर : आजीचं, आणि तेही थोडंसं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, डिसेंबरच्या सकाळी तुझ्या चेनवर पांढरा लपका दिसेल. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलंय. भिजलेल्या चेनवरचं पाणी काढायला छान, पण ते पातळ असतं आणि चेनवर फार टिकत नाही. शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त पावसात धुतलं जातं, मग परत घालावं लागतं. गाडीचं इंजिन ऑइल कोणी सुचवलं तर नको म्हण, त्यावर ठाण्याची सगळी धूळ येऊन बसते.

पण तेलाच्या आधी फडकं. जुन्या बनियनचा तुकडा घे, चेन त्यात धर आणि पॅडल उलटं फिरव, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. १८८० मध्ये हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला जी रोलरची चेन केली तिचीच रचना आजही तुझ्या सायकलवर आहे. प्रत्येक कडीत एक छोटा रोलर असतो, तेल त्याच्या आत जायला हवं, बाहेरच्या पट्टीवर नाही. म्हणून प्रत्येक रोलरवर एकच थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. सगळी चेन झाली की पॅडल मिनिटभर उलटं फिरव, आणि मग बाहेरचं तेल परत पुसून टाक. चेन हाताला कोरडी लागली पाहिजे.

एवढं करूनही किरकिरली तर पट्टी घे. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेव आणि बरोबर बारा इंचांवर बघ. नव्या चेनची पिन तिथे नेमकी बाराव्या इंचावर येते. ती एक अष्टमांश इंचाने पुढे गेली असेल तर तेल घालणं थांबव आणि चेन बदल, मागची चकतीही बहुतेक तिच्याबरोबर जाईल. एक षोडशांश पुढे असेल तर आत्ताच चेन बदललीस तर चकती वाचेल. बाबांना पट्टीवर दाखव, नुसतं सांगितलंस तर म्हणतील पुढच्या महिन्यात बघू.